पाऱ्याचं मागाल तर मिळणार नाही: सांगलीतलं एक सर्जिकल दुकान

पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येतंय.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच हात जोडले. "सिस्टर, चांगलं लिवा न्हाईतर वाईट लिवा, पण नाव घालू नका. निम्मी सांगली माळ्यावरची बीपीची पेटी काढून माझ्या दारात आणून ठेवंल." सिव्हिलच्या आसपासचं, एका शटरचं दुकान. आत शिरलं की उजवीकडे एकात एक घातलेल्या कमोडच्या खुर्च्या, डावीकडे वॉकर आणि काठ्या, डोक्यावर लोंबणारे कंबरेचे पट्टे. उंच माणसाने वाकूनच जायचं. शोधणाऱ्याला एवढी खूण पुरे.

मी चौतीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली शेवटची सहा वॉर्ड इन्चार्ज. आता निवृत्त, विश्रामबागेत मुलाकडे असते. आमच्या ह्यांना बीपी आहे, आणि चार वर्षांपासून नाडीही अधूनमधून चुकते. म्हणजे बीपी मोजणं हे आमच्याकडे चहासारखं, सकाळ-संध्याकाळ.

तर झालं असं. गणपती उठले आणि पुढच्याच आठवड्यात नातवाला ताप भरला. मी जुना काचेचा थर्मामीटर काढला, झटकायला हात उचलला आणि टीपॉयच्या कडेवर आपटला. ज्या हाताने आयुष्यभर रोज शंभरदा पारा झटकला, त्या हाताने. सून काही बोलली नाही. न बोलणं जास्त लागतं.

फरशीवर चांदीचे मणी पळाले आणि सहा वर्षांचं पोर ताप विसरून त्यांच्यामागे. मी ओरडले, पण खरं सांगते, मला आमचा वॉर्ड आठवला. सॅव्हलॉनच्या ग्लासात तळाला कापूस आणि त्यात उभे तीन थर्मामीटर. एक मोडला की रजिस्टरवर नाव, आणि भरपाई आपल्या खिशातून. त्या वेळी सांडलेला पारा आम्ही इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत गोळा करायचो आणि नाइट ड्यूटीला टेबलावर घरंगळवत बसायचो. कंटाळा आला की बेसिनमध्ये. नळ सोडला की संपलं. कुठे संपलं, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. पारा संपत नसतो. गटारातून तो नदीत जातो, तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथिल मर्क्युरी करतात, आणि ते माशांत साठत साठत माणसाच्या ताटात येतं. हे मला रिटायर व्हायच्या जरा आधी एका ट्रेनिंगमध्ये कळलं. आमची बेसिनं कृष्णेलाच जात असणार, दुसरीकडे कुठे जाणार.

या खेपेला मात्र शिकल्याप्रमाणे केलं. पोराला बाहेर काढलं, पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या. झाडू अजिबात नाही, झाडूने एका मण्याचे शंभर होतात. व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच, तो वाफ करून घरभर उडवतो. लग्नपत्रिकेचे दोन जाड तुकडे घेऊन मणी एकत्र ढकलले, सुई काढलेल्या सिरिंजने ओढले, फटीतले चिकटपट्टीने टिपले. टॉर्च फरशीला लावून आडवा धरला की राहिलेले कण चमकतात, हे लक्षात ठेवा. सगळं मोरावळ्याच्या रिकाम्या बरणीत, वर पाणी, घट्ट झाकण. थर्मामीटरात जेमतेम ग्रॅमभर पारा असतो, पण तो उन्हाळ्यात बंद खोलीत पडून राहिला तर बारक्या पोरांना त्याची वाफ बाधते.

एवढं होईपर्यंत सुनेने मदत म्हणून दोन मणी बोटांनी उचलले होते. संध्याकाळी बघते तर तिची अंगठी एका बाजूने पांढरीफटक. माझं माहेर विट्याकडचं. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. चुलतभाऊ कोइमतूरला असतो, त्याला फोन लावला. "आक्का, पाऱ्यानं सोनं खाल्लंय. तापवलं की पारा उडतोय आन् सोनं पयल्यासारखं पिवळं. पण घरात गॅसवर धराय जाऊ नगंस, ती वाफ छातीत बसती. आन् सराफाकडं दिलीस तर पारा लागलाय म्हणून सांगून दे." जगात सगळ्यात जास्त पारा हवेत जातो तो सोन्याच्या छोट्या खाणींतल्या याच तापवण्यातून. अंगठी अजून डबीत आहे, सुनेचा आणि माझा समझोता झालेला नाही.

आता दुकानाकडे. खरं म्हणजे दोन दुकानं झाली.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक थर्मामीटर, आणि आमच्या जुन्या बीपीच्या पेटीला दुरुस्ती. पेटी राखाडी पत्र्याची, झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते ती. बत्तीस वर्षांची. पारा थोडा गळून शून्याच्या खाली बसत होता आणि नळी आतून काळवंडलेली. माझी पहिली धाव पेठेतल्या एका दुकानाकडे. नाव याचंही नाही, कारण वेगळं. तिथला पोरगा म्हणाला, "पाऱ्याचाच पायजे न्हवं? हाय की." ड्रॉवरच्या मागून वर्तमानपत्रात गुंडाळलेले थर्मामीटर काढले. खोक्यावर छाप पुसट, तारीख नाही. पेटीचं विचारलं तर म्हणाला, "ठेवून जावा, पारा भरून देतो," आणि टेबलाखालची औषधाची तपकिरी बाटली हलवून दाखवली. उघडी. बुचाच्या जागी कापसाचा बोळा. बिल मागितलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी चोरतेय. पेटी उचलून बाहेर पडले. त्या पोराबद्दल मात्र जीव तुटला. दिवसभर तो त्या बाटलीवर गुडघे टेकून बसतो.

दुसऱ्या दुकानात मालक स्वतः गल्ल्यावर. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. पेटी काउंटरवर ठेवली तसे दोन पावलं मागे सरले. "सिस्टर, ती उभीच ठेवा. आडवी करू नका." चांगली सुरुवात. मग म्हणाले, "पाऱ्याचं मी विकत न्हाई, भरत न्हाई, आन् घेत बी न्हाई. बाकी काय बी विचारा."

मी जरा तापले. म्हटलं, चौतीस वर्षं याच मशीनवर काढली, याच्याइतकं खरं कोणतंच बोलत नाही, तुम्ही कोण बंदी घालणारे? त्यांनी बोट करून भिंतीवरचा प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद दाखवला. मुलाने छापून दिलेला, मराठीत. गिऱ्हाईक वाद घालतात म्हणून लावलाय. त्या दुकानातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू तीच, आणि ती विकायला नाही.

कागदावर होतं ते माझ्या शब्दांत सांगते. जपानात मिनामाता नावाचं गाव. तिथल्या रासायनिक कारखान्याचं पाऱ्याचं पाणी वर्षानुवर्षं खाडीत सोडलं. मासे खाणाऱ्या कोळ्यांचे हातपाय वाकडे झाले, मांजरं नाचत नाचत मरायला लागली, आईच्या पोटातली पोरंसुद्धा सुटली नाहीत. रोगाची सरकारदरबारी नोंद १९५६ ला झाली. त्या गावाच्या नावाने २०१३ साली जगातल्या देशांनी पाऱ्याविरुद्ध करार केला, तो १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. आपण सही केली २०१४ मध्ये, आणि जून २०१८ मध्ये ती पक्की केली, पण पाऱ्याच्या वस्तू २०२५ पर्यंत चालू ठेवायची सवलत राखून.

करारात वस्तूंची यादी आहे: बॅटऱ्या, काही स्विच, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पारा असलेले सीएफएल आणि ट्यूबा, रस्त्यावरचे जुने पाऱ्याच्या वाफेचे दिवे, गोरं करणारी क्रीमं आणि साबण, कीटकनाशकं, आणि आमच्या कामाचे थर्मामीटर, बीपीची यंत्रं, हवेचा दाब मोजायचे बॅरोमीटर. या वस्तू बनवायच्या नाहीत, देशात आणायच्या नाहीत, बाहेर पाठवायच्या नाहीत. मूळ मुदत २०२० ची.

मी लगेच पकडलं. "यात घरात असलेलं वापरू नका असं कुठे लिहिलंय?" मालक हसले. "न्हाईच लिवलेलं. तुमची पेटी तुम्ही वापरा की. पर नवीन बनवणारा थांबला म्हंजे सुटे भाग थांबले, पारा भरून देणारा असला तर त्यो पेठेतल्यासारखा." मी पेठेचं नाव काढलंच नव्हतं. गाव लहान आहे.

यादीत काय नाही तेही कागदाच्या तळाला होतं, आणि ते ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते खूश झाले. लशी टिकाव्यात म्हणून घालतात ते पाऱ्याचं संयुग, थायोमर्सल, करारातून वगळलंय. धार्मिक किंवा परंपरेने वापरायच्या वस्तूही वगळल्यात, म्हणजे आमच्या देवघरातल्या पारद शिवलिंगाला कोणी नोटीस पाठवणार नाही. (वगळलंय म्हणजे ते उगाळून पोटात घ्यायला मोकळीक, असं मात्र नाही. रससिंदूर, कज्जली असलं पाऱ्याचं आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर शिकलेल्या वैद्याकडून, यूट्यूबवरून नाही. हे मी ह्यांनाच उद्देशून लिहितेय.)

क्रीमची ओळ वाचताना मला आमच्या जिन्यातली पोरगी आठवली. लग्न ठरलंय, पार्लरवालीकडून बिनलेबलची पांढरी डबी आणून रोज रात्री लावते, पंधरा दिवसांत उजळली म्हणून सगळ्या जिन्यात कौतुक. पारा कातडीचा काळा रंग तयारच होऊ देत नाही, म्हणून उजळपणा येतो, आणि कातडीतून आत शिरलेला पारा मूत्रपिंडात जाऊन बसतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या अशाच क्रीमने दुखावल्या होत्या, पेपरात आलं होतं. आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांत क्रीममध्ये पारा घालायलाच मनाई आहे, नकळत मिसळला गेला तरी दहा लाखांत एक भागाच्या वर चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी मर्यादा सैल. डबीवर कॅलोमेल, मर्क्युरस, मर्क्युरिक असलं काही दिसलं तर ठेवून द्या. काहीच लिहिलेलं नसेल तर आधी ठेवून द्या. पोरीच्या आईला सांगून आले. आता जिन्यात ती माझ्याशी बोलत नाही.

असो. खरेदी.

मालकांनी बीपीची तीन प्रकारची यंत्रं काउंटरवर मांडली आणि प्रत्येकाचा दोष आधी सांगितला. दुकानदाराने दोष आधी सांगायचा म्हणजे सांगलीत दुर्मीळच.

पहिलं घड्याळाचं, म्हणजे डायलवालं. स्वस्त, हलकं. पण एकदा पडलं की काटा किती चुकला ते दिसत नाही, वर्षातून एकदा तरी तपासून घ्यायला हवं. आमच्या वॉर्डात ही डायलची यंत्रं पोरी खांद्यावरून खुर्चीवर फेकायच्या, त्यामुळे माझा विश्वास शून्य.

दुसरं बटण दाबलं की आपोआप फुगणारं, घरोघरी असतं ते. एकट्या माणसाला सोयीचं. हे यंत्र आवाज ऐकत नाही, शिरेतलं स्पंदन पट्ट्यातून टिपून गणित करतं. नाडी नियमित असेल तर उत्तम. आमच्या ह्यांच्यासारखी चुकत असेल तर आकडा डळमळतो. आमच्याकडे मुलाने आणलेलं होतंच. पाच मिनिटांत १३८, १५६ आणि १२९ दाखवायचं, आणि दर आकड्याला ह्यांचा चेहरा बदलायचा.

तिसरं मी घेतलं. जुन्या पेटीसारखंच उभं, पण काचेच्या नळीच्या जागी स्क्रीन, आणि त्यावर पाऱ्यासारखाच वर जाणारा काळा खांब. पट्टा आपण पंपाने फुगवायचा, हवा सोडायची, कानाला स्टेथोस्कोप लावून टक् आवाज कधी सुरू झाला आणि कधी थांबला ते आपणच ऐकायचं. रिव्हा-रोच्चीने १८९६ ला पट्टा बांधला, कोरोत्कोवने १९०५ ला त्याखालचे आवाज ऐकले, तीच पद्धत, फक्त पारा गेला. आकडा अजूनही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच बोलतात हे मला फार गोड वाटतं. १२० म्हणजे पाऱ्याचा १२० मिलिमीटर उंच खांब. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून जड, म्हणून तो खांब वीतभर पेटीत मावतो. पाण्याने मोजायचं म्हटलं तर पाच फूट चार इंच नळी लागली असती, बरोब्बर माझ्या उंचीची.

किंमत ३,२५०. घासाघीस केली, शंभर सुटले. डिजिटल थर्मामीटर १८० चा. पक्कं बिल, त्यावर यंत्राचा नंबर आणि वॉरंटीचा शिक्का, तेही न मागता. खोक्यावरचा लायसन्स नंबर बोटाने दाखवून म्हणाले, बीपीची मशीनं आणि डिजिटल थर्मामीटर आता औषधांच्या कायद्यात येतात, नंबर नसलेलं रस्त्यावर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. थर्मामीटरचा बटण सेलही त्यांनी तपासून दिला. या चिमुकल्या सेलांत पूर्वी थोडा पारा असायचा, म्हणजे पारा घालवायला डिजिटल घ्यायचं आणि मागच्या दाराने तो परत घरात. पाकिटावर पारा नाही अशी खूण होती.

शोकेसमध्ये एक काचेचा थर्मामीटर चमकत होता. मी म्हटलं, सापडलात! तर तो पाऱ्याचा नव्हे, गॅलियम, इंडियम आणि कथिल यांच्या मिश्रणाचा. दिसायला हुबेहूब तसाच, फुटला तरी वीष नाही. हौसेने ३५० देऊन घेतला. "झटकाय लय जोर लागतोय हं," असं मालक म्हणाले होते, मी मनावर घेतलं नाही. चौतीस वर्षांचं मनगट आहे म्हटलं. घरी आल्यावर धुणं आपटल्यासारखा झटकला तरी १०० वरून खाली यायला तयार नाही. आता टीपॉयपासून चार फूट लांब उभी राहून झटकते. पैसे वाया गेले म्हणणार नाही, पण रोज वापरते ते १८० वालंच. एक सूचना: बीप वाजलं तरी काखेतून लगेच काढू नका, आणखी मिनिटभर राहू द्या. माझ्या पाहण्यात अर्ध्या डिग्रीचा फरक पडतो.

नवीन बीपी यंत्राला दोन महिने झाले. पहिला आठवडा जुनी पेटी आणि हे शेजारी ठेवून मोजलं, वहीत दोन रकाने केले. जुन्या पेटीचा शून्य मुळातच घसरलेला, ती चूक धरून दोन-चार मिलिमीटरच्या आत दोन्ही जुळली. ह्यांचा विश्वास बसला. माझा बसायला आणखी आठवडा लागला. स्क्रीन संध्याकाळी खिडकीजवळ चमकते, बसायची जागा बदलावी लागली. पेन्सिल सेल चार लागतात, अजून पहिलेच आहेत.

आता पाचवा स्टार.

आमच्या ह्यांनी तरुणपणी तालीम केलेली. दंडाचा घेर आजही ३५ सेंटिमीटर. यंत्राबरोबर आलेला पट्टा ३२ पर्यंतचा. लहान पट्टा बांधला की बीपी जास्त दाखवतं, आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या ऐंशी टक्के तरी फिरायला हवी. हे मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकले, आणि दुकानात ह्यांना बरोबर नेलं होतं, दंड दिसत होता, तरी मालकांनी मोठ्या पट्ट्याचं नाव काढलं नाही. मीही बोलण्याच्या नादात विसरले. घरी आल्यावर लक्षात आलं. परत गेले तर मोठा पट्टा शिल्लक नाही, पुण्याहून मागवतो. चार दिवस म्हणाले, लागले अकरा. किंमत वेगळी, ५५०. एवढं सगळं समजणाऱ्या माणसाने दंड मोजायला टेप न ठेवावा? काउंटरवर कंबरपट्ट्यासाठी टेप होतीच! हे तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं. आणि बसायला खुर्ची नाही. विकायच्या चाळीस खुर्च्या, पण गुडघे धरून उभ्या म्हातारीला एक नाही. कमोडच्या खुर्चीवर बसा म्हणाले. बसले मी, काय करता. पार्किंगचं विचारू नका, रिक्षाने जा.

राहिली जुनी पेटी. थर्मामीटरात ग्रॅमभर, पण या पेटीत ऐंशी-शंभर ग्रॅम पारा असतो. मालक घेत नाहीत, कारण त्यांच्याकडे तसली परवानगी नाही, आणि घेऊन ठेवणार कुठे? २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, ट्यूब, सीएफएल, जुन्या बॅटऱ्या हा घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा धरला होता, आणि तो जमा करायला दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं असंही लिहिलं होतं. कागद वाचून दाखवला तो मालकांनीच. मी मोरावळ्याची बरणी घेऊन सकाळी घंटागाडीजवळ उभी राहिले. पोरगा भला, हातमोजे घातलेला. बरणी डोळ्यांपुढे धरून त्याने हलवून बघितली, म्हणाला, "आज्जी, लय भारी दिसतंय, पर ह्ये आमच्या डब्यात बसत न्हाई. कुठं द्यायचं त्ये बी मला कुणी सांगितलं न्हाई." मीच ती परत घेतली. त्याने ओल्या कचऱ्यात ओतली असती तर मला रात्री झोप लागली नसती.

तेव्हा मालकांनी सांगितलं तसं केलं. त्यांनी गंधकाची पावडर आणून टाका म्हटलं होतं. गंधक पाऱ्याला धरून ठेवतं, वाफ कमी होते. गंधक कुठून आणू? तर आमचे नणंदेचे यजमान तासगावला, द्राक्षबाग आहे. भुरी रोगासाठी मारायची पावडर त्यांच्या शेडमध्ये पोत्याने. किलोभर पिशवीत बांधून पाठवली, वर फोन करून विचारलं, "वहिनी, गॅलरीत द्राक्षं लावताय काय?" फटीत राहिलेल्या कणांवर ती चोळली, बरणीतही घातली. पेटी उभीच ठेवली, पाऱ्याचा कॉक बंद, जाड पिशवीत दोनदा बांधून पत्र्याच्या डब्यात. डब्यावर तेलरंगाने लिहिलं: पारा, उघडू नये. नातवाने खाली कवटी काढून दिली, चांगली जमलीय.

डबा ठेवायचा कुठे यावर घरात दोन दिवस चर्चा. ह्यांचं म्हणणं, गावभागातल्या जुन्या घराच्या माळ्यावर. मी म्हटलं, २०१९ चा पूर विसरलात? कृष्णा माळ्याच्या शिडीपर्यंत आली होती. त्या आठवड्यात ही पेटी तिथेच होती, चार पायऱ्या वर. तेव्हा आम्हाला फक्त कागदपत्रं आणि माणसं सुचली होती, साहजिकच. आता डबा विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर, सावलीतल्या कपाटात आहे. घनकचरा विभागात अर्ज दिलाय, पोच घेतलीय. दर महिन्याच्या पाच तारखेला चौकशीला जाते, तेवढाच चालण्याचा व्यायाम.

मोठा पट्टा आणायला दुकानात गेले. दारातच खुर्ची होती, साधी, प्लॅस्टिकची, बसायची. काउंटरवर टेप. काचेवर नवा कागद, मालकांच्या हाताचा: 'पाऱ्याचे मिळणार नाही. वाद घालु नये.' मी पर्समधून पेन काढून लु चा लू केला.

"आता पाच करा की, सिस्टर."

"अकरा दिवस लागले," म्हटलं. "चारच."